घरटी एक माणूस

जेवणं आटोपली आहेत, बाहेर अंधार पडलाय आणि तुमच्या दारात टॉर्च घेतलेले तीन पुरुष उभे आहेत. तुम्ही कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. तरी विचारते, दार उघडायला तुमच्यापैकी कोण कचरेल?

२००६ साली मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला ताई-भावोजींकडे राहून कॉलेज करत होते. आमच्या पार्किंगमध्ये लागोपाठ काही गाड्यांच्या काचा फुटल्या, तेव्हा शेजारच्या काकांनी गस्त सुरू केली. रोज जेवणानंतर तासभर फेऱ्या, घरटी एक माणूस.

"चहा मिळणार असेल तर मी रोज येतो," भावोजी म्हणाले.

"तुम्ही? पहिल्याच फेरीत गुडघा धरून बसाल," काका म्हणाले.

आमच्या खालच्या घरात ग्वातेमालाच्या डोंगरातले बहीण-भाऊ राहत. तिथले मूळ रहिवासी, माया लोक; त्यांची घरची भाषा वेगळी. तो छपरं घालायच्या कामावर जाई, ती ऑफिसांची सफाई करी. स्पॅनिश तिलाही शिकावी लागली होती आणि मलाही, त्यामुळे आम्ही दोघी सावकाश बोलायचो आणि एकमेकींना नीट कळायचं.

भावाने गस्तीला कधी नाही म्हटलं नाही. दिवसभर उन्हात छपरावर राबून तो आपली पाळी करी, कोणी मागितली तर दुसऱ्याचीही. "याला म्हणतात सिन्सिअर माणूस, यार," असं म्हणत आमच्या लोकांनी आपल्या पाळ्या त्याच्यावर ढकलल्या.

एका रविवारी तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकता टाकता तिने मला त्यामागचं कारण सांगितलं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील चळवळीची पत्रकं काढायचे, आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. ग्वातेमाला हा शब्द मी पहिल्यांदा तिथेच वाचला होता. लष्कर खेडी जाळतं आणि लोक लढतात, एवढंच त्यात होतं. पत्रकात दोनच बाजू असतात. ती सांगत होती ते त्यात कुठेच नव्हतं. ती लहान असताना लष्कराने गावातल्याच पुरुषांना गस्तीला जुंपलं होतं. हातात काठी नाहीतर जुनी बंदूक, आणि ठरलेली पाळी. जो पाळी चुकवेल तो बंडखोरांचा माणूस. एकदा तिचे वडील तापाने फणफणले होते, म्हणून गेले नाहीत. अंधार पडल्यावर गस्तीची माणसं टॉर्च घेऊन दारात आली. सगळी शेजारचीच होती, मागे सैनिक. त्या माणसांत तिचा भाऊ होता, कोवळा पोरगा, आपल्याच घराच्या दारात उभा. ते वडिलांना घेऊन गेले. वडील परत आले नाहीत.

"यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही," ती म्हणाली. "तूही कोणाला सांगू नकोस."

नोव्हेंबरात भावाला ताप भरला. ती वर आली. "त्यांना सांग, आजची पाळी तो नंतर भरून देईल."

मी भावोजींना सांगितलं. "अगं, भरून कसली देतो? कॅन्सल केली म्हण. आराम करू दे त्याला." मी लगेच खाली जाऊन निरोप दिला. तिने मान हलवली.

संध्याकाळचा क्लास संपवून परतले तर तिच्या दारात तीन टॉर्च. काका, भावोजी आणि नागपूरचा एकजण. हातात खिचडीचा डबा. माणूस आजारी आहे म्हटल्यावर चार लोकांनी मिळून चौकशीला जायचं, ही आपली रीत. गस्तीला निघालेच होते, तसेच आले.

दार उघडलं. तिने भावाचं जाकीट घातलं होतं, गुडघ्यापर्यंत येणारं. हातात काठी.

"काय म्हणतेय ही?" काकांनी मला विचारलं.

"म्हणतेय, त्याच्याऐवजी मी येते."

काका हसले. "नो, नो. यू रेस्ट. खिचडी खा गरमगरम."

मी तिला परत परत सांगितलं की हे जेवण घेऊन आलेत, दुसरं काही नाही. तिने ऐकलं आणि ती दारापुढच्या पायऱ्या उतरली. मी तिच्या बाजूने चालले. प्रत्येक इमारतीपाशी ती थांबायची, वळून काकांसमोर ताठ उभी राहायची आणि सांगायची, "काही विशेष नाही." मागून ते तिघं डबा घेऊन, अवघडून. तिला थांबवावं कसं हे कोणालाच कळेना. पूर्ण फेरी झाली तेव्हाच ती घरात गेली.

दोन दिवसांनी घर रिकामं होतं. अपार्टमेंटच्या ऑफिसात नवा पत्ता मागितला, तो त्यांच्याकडेही नव्हता. त्याचा ताप उतरला का, हे मला आजही माहीत नाही.

त्या रात्री जेवताना मी भावोजींना सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"पण आम्ही खिचडी नेली होती गं," ते म्हणाले.

खरंच नेली होती. म्हणून तर मला धड चिडताही येत नाही. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढावं असं त्या पार्किंगमध्ये कोणी नव्हतं.

गाड्यांच्या काचा अजून फुटतात आणि नव्या गस्ती निघतात. तुमच्याकडे निघाली तर एवढं करा: गस्तीला माणूस मागायला दिवसाउजेडी जा, एकटे जा, आणि कोणी नको म्हटलं तर कारण न विचारता परत फिरा.