आमच्या घरचं मांसाहारी झाड

हसू नका, असं मी म्हणणार नाही. आमच्या सोसायटीत आजही जिन्यात कुणी भेटलं की आधी हसतं आणि मग 'केम छो' म्हणतं, मग तुम्हीच काय पाप केलंय? फक्त हातात चहा असेल तर कप खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता.

तर मी मराठीचा मास्तर. सुरतेत लिंबायतच्या एका शाळेत व्याकरण शिकवतो, राहतो गोडादऱ्यात, मूळचा अकोल्याचा. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला, तोही दोन्ही बाजूंच्या संमतीनं. पण कुतूहल! ते काही संपत नाही. मला कशाचं कुतूहल वाटलं, की आमची सुनंदा आधी घरातल्या काचेच्या वस्तू उचलून ठेवते.

त्या वर्षी कुतूहल वाटलं माशांचं.

शाळेच्या रस्त्यावर माशांच्या टाक्यांचं एक दुकान आहे. एक दिवस शिरलो आत. दुकानदार म्हणाला, "साहेब, टाकी लो, साथ में पंप लो, फिल्टर लो, और ये देखो, प्लास्टिक का झाड. कभी सूखेगा नहीं."

प्लास्टिकचं झाड! अहो, मी मराठीचा शिक्षक, निसर्गकविता शिकवून पोट भरणारा! मी फक्त टाकी घेतली आणि ताठ मानेनं बाहेर पडलो. कारण मी आदल्याच आठवड्यात फोनवर पाहून ठेवलं होतं. टाकीत खरी झाडं लावायची. मासे जी घाण करतात ती झाडांचं खत. झाडं प्राणवायू सोडतात, तो माशांना. ना पंप, ना फिल्टर, ना रोजची कटकट. सगळं आपलं आपण चालतं.

"म्हणजे अगदी आपल्या संसारासारखं," मी सुनंदाला म्हणालो.

"हो का? मंग आपल्या संसारात घाण कोण करते अन् प्राणवायू कोण सोडते, ते सांगा आधी."

मी विषय बदलला.

झाडं कुठून आणायची? तर आमच्या शाळेतल्या पटेल सरांचं गाव ओलपाडच्या बाजूला. गावाला छान तळं. एका रविवारी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून मी त्या तळ्यात उतरलो आणि मांजराच्या शेपटीसारखं मऊ, हिरवंगार पाणगवत बादलीभर काढलं. पटेल सर काठावरून ओरडले, "अरे मास्तर, घरी नेऊन दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या हां! तळ्यातलं आहे, काय काय येतं त्यात!"

धुऊन घ्या म्हणे! मी मनात म्हटलं, धुतलं तर त्यातला निसर्गच जाईल की! भाजी आहे का ती?

नाही धुतलं. इथंच माझ्या कपाळाची रेघ फिरली. पण ते कळायला वेळ आहे अजून.

टाकीच्या तळाला माती घातली, वर वाळू, मग पाणी, मग ते गवत. पहिले दोन दिवस टाकीत नुसता गढूळ ताक-कढीसारखा प्रकार. मग माती बसली, पाणी निवळलं, आणि मी बारा गप्पी मासे आणून सोडले. आणि काय सांगू, आठवड्याभरात त्या काचेच्या पेटीत जंगल उभं राहिलं हो! पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की गवत झळाळायचं, मासे त्यातून लपाछपी खेळायचे, पाणी असं नितळ की टाकी रिकामीच आहे असं वाटावं. शाळेतून आलो की मी चपला काढायच्या आधी टाकीसमोर. त्यातली एक निळ्या शेपटीची मादी सुनंदाची लाडकी. पोट हे एवढं! "बाळंतीण होणार हो ही," म्हणत सुनंदा तिला चिमूटभर खाणं जास्तीचं घालायची.

आणि एके दिवशी मला तो दिसला.

गवताच्या काडीला धरून बसलेला. नखाएवढा, मातकट रंगाचा, सहा पाय, डोकं मोठं आणि डोळे त्याहून मोठे. हलत नाही, डुलत नाही. मी आनंदानं ओरडलो, "सुनंदा! कोळंबीचं पिल्लू! आपोआप आलं! यालाच म्हणतात परिसंस्था!"

सुनंदानं चष्मा लावून पाहिलं. "याचे डोये पाहा जी. हा आपल्यालेच पाहून राहिला."

"मायेनं पाहतोय."

सुरतेत कोळंबीला झिंगा म्हणतात आणि इथं जो भेटेल तो शेठ. म्हणून मी त्याचं नाव ठेवलं झिंगूशेठ. त्याला पोळीचा कुस्करा घातला, खाल्ला नाही. उकडलेला बटाटा घातला, ढुंकून पाहिलं नाही. कोळंबी म्हणे टाकीतलं शेवाळ खाऊन सफाई करते, तेव्हा मी समजलो, शेठ पथ्यावर आहेत. आणि तब्येत तर रोज सुधारत होती! महिन्याभरात नखाएवढ्याचा बोटाच्या पेराएवढा झाला. आल्यागेल्याला मी सांगायचो, "बघा, न खाता कसा वाढतोय. नैसर्गिक पाण्याचा गुण!"

इकडे मासे मात्र अकरा झाले.

मी पुन्हा मोजले. मग दहा. मग नऊ. मेलेला मासा तरंगताना दिसावा, तळाशी दिसावा, काही नाही. उडी मारली म्हणावं तर वर काचेचं झाकण. मांजर म्हणावं तर मांजर झाकण काढून, मासा खाऊन, झाकण परत लावतं का? आणि एका सकाळी ती निळ्या शेपटीची पोटुशी नाहीशी झाली. त्या दिवशी सुनंदाच्या भाजीत मीठ नव्हतं.

मला चैन पडेना. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून आलो आणि खुर्ची टाकून टाकीसमोर बसलो. तीनच्या सुमाराला खिडकीतून ऊन आलं. आणि मी पाहिलं! गवताच्या पानापानावर बारीक, गोल, चकचकीत पिशव्या फुगायला लागल्या. शेकडो! ऊन उतरलं तशा त्या नाहीशा झाल्या.

फोन काढला. शोधलं. तुम्हाला 'सीतेची आसवं' माहीत असेल, कासच्या पठारावरचं ते निळंजांभळं फूल. ती वनस्पती कीटकभक्षी असते. आणि तिचीच एक बहीण पाण्यात राहते, अंगावर बारीक पिशव्या असतात, जवळून जाणारा जीव ती पिशवीत ओढून घेते!

पिशव्या! आमच्याही गवताला पिशव्या! दिवसा फुगतात, रात्री मिटतात. का मिटतात? पोट भरलं की मिटणारच!

"सुनंदा," मी म्हणालो, "आपल्या घरात मांसाहारी झाड आहे."

"अगं माय! अन् मी त्यात रोज हात घालून राहिली!"

खात्री करायला मी एक प्रयोग केला. शास्त्र म्हणजे शास्त्र! उरलेले सहा मासे त्या राक्षसी झाडापासून दूर, स्वच्छ बादलीत काढले. आणि झिंगूशेठ? त्यांना त्या झाडापाशी एकटं कसं सोडायचं? त्यांनाही उचलून माशांबरोबर बादलीत ठेवलं. सकाळी पाहतो तर मासे पाच!

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की झाड निर्दोष आहे. पण मी बादलीत वाकून पाहिलं तर कडेला गवताचं एक पान चिकटलेलं. एक पान! एका पानानं अख्खा मासा खाल्ला! केवढी ही ताकद! मी सगळ्यांना परत टाकीत सोडलं. आता बादली काय आणि टाकी काय!

ही बातमी मी फक्त शेजारच्या हंसाबेनना सांगितली. एवढीच चूक.

हंसाबेन कांदासुद्धा न खाणाऱ्या. त्या दारातच मटकन बसल्या. "मास्तरभाई, झाड पण माछली खाय?"

"खातं हो."

"हाय हाय! तो मैं क्या खाऊँ? आज ही पालक लाई हूँ!"

संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावर बातमी पोहोचली ती अशी, की मास्तरांचं झाड उंदीर खातं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमध्ये ते बोट तोडत होतं. मग कतारगामहून हंसाबेनचा भाऊ कुटुंबासह पाहायला आला. सगळे हात मागं बांधून, दोन फूट लांबून टाकी पाहत होते. मीही आवाज खाली आणून सांगत होतो, "जवळ जाऊ नका. भुकेलं आहे." खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. व्याकरण शिकवताना माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी सोसायटीचे प्रमुख वल्लभकाका आले. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मास्तर, ये शाकाहारी सोसायटी है. आदमी का तो हम देख लेते हैं, मगर झाड ही नॉनव्हेज खाए, ये नहीं चलेगा. रविवार तक निकालो."

टाकी काढायची? माझा शोध? जगाला कळायच्या आत?

मी कुलकर्णी सरांना फोन लावला. कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एका कार्यक्रमात ओळख झालेली. म्हटलं, "सर, सुरतेत मासे खाणारी पाणवनस्पती सापडली आहे. माझ्या घरात."

पलीकडून प्रश्न आला, "मासा केवढा?"

"नखाएवढा म्हणा, थोडा मोठाच."

"येतो," सर म्हणाले. "मला पाहायचंच आहे."

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सुनंदानं शिरा केला होता. वल्लभकाका सोफ्यावर, हंसाबेन दारापाशी, पळायला सोपं म्हणून. मी इस्त्रीचा सदरा घातलेला. सत्काराच्या वेळी आपण काय बोलायचं, याची दोन वाक्यंही मनात तयार होती.

सर टाकीपाशी वाकले. ऊन नुकतंच आलं होतं, पानांवर पिशव्या फुगत होत्या. "याच का पिशव्या?"

"याच!"

सरांनी खिशातून पेन्सिल काढली, पाण्यात घातली आणि एका पिशवीला हळूच टेकवली. पिशवी सुटली, तरंगत वर गेली आणि पृष्ठभागावर फुटली.

"मास्तर, हा बुडबुडा आहे. प्राणवायूचा. उन्हात झाड भरपूर प्राणवायू तयार करतं, तो पानावर असा साठतो. टाकीत झाडं लावतात ती यासाठीच! तुमची टाकी फार छान जमली आहे."

"पण सर, ती पिशवीवाली..."

"असते ना. पण तिच्या पिशव्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. पाण्यातले बारीक जीव खाते. तिनं एवढाले गप्पी खाल्ले म्हणणं, म्हणजे मुंगीनं म्हैस गिळली म्हणण्यासारखं आहे. आणि हे ते झाडच नाही. हे आपलं साधं पाणगवत. बिचारं माशांची घाण पिऊन जगतं."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मी क्षीण आवाजात विचारलं, "मग मासे कुठे गेले?"

सर काचेला नाक लावून काडीवरच्या झिंगूशेठकडे पाहत होते. "हा कधीपासून आहे?"

"तो आमचा झिंगूशेठ!" माझा चेहरा उजळला. "कोळंबीचं पिल्लू. गरीब आहे फार. काही खात नाही."

सरांनी पेन्सिलीचं टोक शेठसमोर हलवलं. जरासंच. आणि काय सांगू! त्या गरिबाच्या हनुवटीखालून एक लांबलचक चिमटा सटकन बाहेर आला, पेन्सिलीवर आपटला आणि परत मिटून गेला! हंसाबेन किंचाळल्या. वल्लभकाकांनी सोफ्यावर पाय घेतले. शेठ पुन्हा मायेनं आमच्याकडे पाहत बसले.

"मासे हाच खातोय," सर म्हणाले. "तुमच्या त्या गवतावरून आला असणार. गवत धुतलं नव्हतंत का?"

मी छताकडे पाहिलं.

सुनंदा शिऱ्याची वाटी हातात धरून पुढे आली. "म्हणजे ते मासे बादलीत काढले, तवा यालेही यांनीच उचलून त्याच्यात ठेवला! पान वाढून देल्लं जी यांनी त्याले!"

"बादलीत? माशांबरोबर?" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता परिसंस्थेचा नवा घटक म्हणून माझीच नोंद होणार.

मग त्यांनीच वातावरण सैल केलं. टाकी काढायची गरज नाही, झाड शुद्ध शाकाहारी आहे, असं वल्लभकाकांना समजावलं. हंसाबेननी आकाशाकडे पाहून हात जोडले आणि पालकाची भाजी करायला निघाल्या. सरांनी त्या दांडगोबाला बाटलीत घेतलं, तळ्यात सोडतो म्हणाले. उरलेले तीन गप्पी प्रथमच टाकीच्या मध्यभागी आले.

"पण साहेब," वल्लभकाका बाटलीकडे बोट दाखवत म्हणाले, "ये है कौन?"

"याला पंख फुटले की हा पाण्यावर हेलिकॉप्टरसारखा उडतो बघा," सर म्हणाले. "मराठीत त्याला चतुर म्हणतात. मास्तरांना तर हा शब्द माहीतच असेल."

वल्लभकाका गोंधळले. एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चतुर? इस घर में चतुर कौन?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुनंदानं शिऱ्याची वाटी त्यांच्या हातात दिली आणि अगदी प्रेमानं खुलासा केला.

"किडा, काका! किडा. हे नाही."