बंगल्याच्या चाकांत किती हवा?

आमच्या टेस्टिंग सेक्शनमधले जुने लोक एकत्र आले, की लग्न असो का बारसं, पहिल्या चहाला तब्येतीच्या गोष्टी होतात आणि दुसऱ्या चहाला बंगला निघतो. आमची बायको तर वैतागून म्हणते, "एवढी वर्षं फॅक्टरीत नोकरी केली, तिथं एकच गाडी बनली का?" आता हिला काय सांगायचं. गाड्या ढिगानं बनल्या, फाटकातून निघाल्या, गेल्या. त्यांचे किस्से झाले नाहीत, कारण त्यांच्या चाकांत किती हवा भरायची ते सगळ्यांना माहीत होतं. बंगल्याचं तेवढं कुणालाच माहीत नव्हतं, आणि सांगत मात्र सगळेच होते.

लढाईचं वर्ष होतं. जबलपूरच्या घराघरांत खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, मोकळ्या जागांवर खंदक खणलेले. अशात बॉडी शॉपवाल्यांनी ट्रकच्या चासीवर एक अख्खी खोली बसवली. दोन्ही बाजूंना एकावर एक खाटा, हात धुवायचं बेसिन, पाण्याची टाकी, स्टोव्हचा ओटा, औषधांचं कपाट, खिडक्यांना पडदेसुद्धा. आघाडीजवळ ऑपरेशन झालेले जवान यात झोपवून रेल्वेपर्यंत आणायचे, आणि डॉक्टरांनी यातच राहायचं, यातच जेवायचं. कागदावर तिचं नाव हातभर लांब होतं. कामगारांनी पहिल्याच दिवशी तिला बंगला म्हटलं, आणि तेच राहिलं.

आमचे फोरमन कानडे साहेब, चेरीतालला राहायचे. त्यांचा मुलगा शरद फौजेत होता आणि त्या वेळी आघाडीवरच होता. साहेब सेक्शनमध्ये कधी त्याचं नाव काढत नसत. फक्त बंगल्याची मागची दारं उघडली, की खालच्या खाटेकडे जरा वेळ बघत उभे राहायचे. आम्ही तेवढ्यात दुसरीकडे काही काम काढायचो.

"हवा ठरल्याशिवाय गाडी जाणार नाही," ते म्हणाले. "आणि गाडी तर जायला पाहिजे."

*

आता तुम्ही म्हणाल, चासीवर पितळेची पट्टी असते, तिच्यावर हवा लिहिलेली असते, मग भांडण काहून? तर ती हवा पोती भरलेल्या ट्रकची. बंगल्यात पोती नव्हती, माणसं होती.

मी डिझाइनला गेलो. ते म्हणाले, टायरवाल्यांना विचारा. टायरवाले म्हणाले, आम्ही सांगू, तुम्ही वजन सांगा. वजनाला बॉडी शॉपमध्ये गेलो, तर म्हणे पाण्याची टाकी भरलेली धरायची की रिकामी, ते डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांच्या ऑफिसला विचारलं. ते म्हणाले, गाडी आमच्याकडे आली की बघून सांगू.

मी परत येऊन साहेबांना म्हटलं, "साहेब, गाडी तिकडे पोचली की मग आपल्याला हवा कळेल, आणि हवा कळली की मग गाडी तिकडे पोचेल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "पाठक, तोवर पट्टीवरची भर."

*

पट्टीवरची भरली, आणि नेमके त्याच दिवशी फौजेचे एक मेजर डॉक्टर बघायला आले. उंच, गोरे, कमी बोलणारे. म्हणाले, मी मागे बसतो, एक चक्कर मारा.

ड्रायव्हर आमचे मिसराजी. गाडी चालवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगायचे. पण चाकं दगडासारखी टणक. टेस्टिंगचा रस्ता म्हणजे मुद्दाम खराब ठेवलेला रस्ता. बंगला त्याच्यावर उड्या मारत गेला आणि उड्या मारत आला. आतून कपाटाची दारं आपटल्याचा आवाज आम्हाला सेक्शनमध्ये ऐकू येऊन राहिला होता.

दार उघडलं. मेजर साहेब खाली उतरले. टोपी वाकडी झालेली आणि हातात बेसिनचा नळ. बसल्या जागी आधाराला धरला होता, तो निघून हातात आला होता.

तो नळ त्यांनी कानडे साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "इससे अच्छा तो मरीज़ को पैदल भेज दीजिए।"

*

मग काय विचारता! सगळे हवा सोडायच्या मागे लागले. जो येईल तो टायरला लाथ मारून बघायचा आणि "अजून कडक आहे" म्हणायचा. ज्यांचा सायकलच्या पलीकडे टायरशी संबंध नाही, तेसुद्धा लाथ मारून गेले. सोडता सोडता एवढी सोडली, की बंगला उभ्या उभ्या डुलायला लागला.

मिसराजी त्याला घेऊन मदन महलकडे गेले, मी शेजारी बसलेलो. टायर वळणावर नुसते चिपकून राहिले होते. मऊ टायर तापतो, हे मी त्यांना सांगतच होतो. बाजारासमोर मागच्या जोडचाकांतला आतला टायर फुटला. साधा आवाज नव्हता तो. पाखरं उडाली, कुत्री पळाली, आणि समोरची सगळी माणसं धपाधप खंदकात उतरली. भाजीवाला तराजूसकट उतरला.

मिसराजी खाली उतरून सांगू लागले, "टायर है भैया, टायर फटा है, कुछ नहीं हुआ।" कोणी वर येईना. मी खंदकाच्या काठावर जाऊन हात जोडले. आत एक म्हातारेबाबा मांडी घालून बसले होते. शांतपणे म्हणाले, "पहले ख़तरा टलने का सायरन बजवाओ, तब निकलेंगे।"

आम्ही टायर बदलून निघालो तरी बाबा आतच होते.

*

कानडे साहेब म्हणाले, बस झाल्या लाथा. कोणत्या चाकावर किती वजन येतं ते मोजा, टायरवाल्यांच्या तक्त्यात बघा आणि तेवढीच हवा भरा. शहाण्यासारखी गोष्ट. म्हणजे पुढची चाकं फॅक्टरीच्या वजनकाट्यावर घ्यायची, मग मागची, मग एकेक बाजू, कारण पाण्याची टाकी उजवीकडे होती.

काट्यावर तिवारीजी. पुढची दोन चाकं काट्यावर चढली आणि मिसराजींनी ब्रेक लावला. तिवारीजी बाहेर आले. "पूरी गाड़ी चढ़ाओ।"

मी म्हटलं, "तिवारीजी, अर्धीच मोजायची आहे."

"आधी गाड़ी की पर्ची नहीं बनती।"

म्हटलं, पर्ची नको, नुसता आकडा बघू द्या. त्यांनी खांद्यावरचा गमछा काढून काट्याच्या तबकडीवर टाकला. बिना पर्ची आकडा बघणं मना होतं म्हणे. तासभर वाद. लढाई सुरू आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, लढाईतच तर नियम पाळायचे असतात.

शेवटी कानडे साहेब स्वतः आले. त्यांनी गाडीकडे बघितलं, तिवारीजींकडे बघितलं आणि विचारलं, "दो चक्कों की गाड़ी की पर्ची बनती है?"

"बनती है। बैलगाड़ी की बनती है।"

"तो इसके दो चक्के चढ़े हैं कि नहीं?"

तिवारीजींनी वाकून मोजून घेतलं. गमछा उचलला, आकडा वाचला आणि पर्ची फाडून दिली. बैलगाडी, एक. वजन काही टन. खाली त्यांनी स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, "बैल साथ में नहीं हैं।" अशा आम्ही चारही बाजूंच्या पर्च्या जमवल्या.

*

तक्त्यात बघितलं, हवा निघाली. वाटलं, सुटलो. कशाचं काय!

सकाळी वानखेडे हवा भरायचा. नागपूरकडचा माणूस, तापट, पण कामाला चोख. थंडीतल्या थंड टायरमध्ये तक्त्याबरहुकूम हवा. दुपारी मिसराजी गाडी हाणून आणायचे, टायर तापलेले, गेज लावायचे तर हवा जास्त. "किसने ज़्यादा भरी?" म्हणून ते सोडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वानखेडे मोजायचा, तर कमी.

"कोण हवा सोडून राहिला रे माझी?" वानखेडे सेक्शनभर विचारत फिरायचा. त्यानं वॉल्व्हच्या टोप्यांना रंग लावून ठेवला. मिसराजींची बोटं लाल झाली, तर ते म्हणाले, "गाड़ी है कि होली है?"

दोघांना समोरासमोर बसवून मी समजावलं. हवा तापली की फुगते, थंड झाली की बसते, त्यात कुणाची बदमाशी नाही. दोघांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं डोकं फिरायची वेळ आली.

साहेबांनी गेजच खिशात घातलं. म्हणाले, "हवा सकाळी मोजायची. एकदाच."

"और दोपहर में?" मिसराजींनी विचारलं.

"दोपहर में टायर की तरफ़ देखना मना है।"

तेव्हापासून मिसराजी केबिनमधून उतरताना तोंड दुसरीकडे करून उतरायचे. एकदा तसेच जाऊन पाण्याच्या पिंपावर आदळले.

*

रिकाम्या बंगल्याची चाल काही खरी नाही, आत वजन पाहिजे. रेतीची पोती मागितली, तर ती सगळी खंदकांवर गेलेली. मग साहेब म्हणाले, माणसं झोपवा. सेक्शनमधले जाडेजुडे निवडून खाटांवर झोपवले, वानखेडेला खालच्या खाटेवर. पाण्याची टाकी भरली, आणि मिसराजी अधारतालच्या रस्त्यानं निघाले.

मी सेक्शनमध्ये वाट बघत बसलो. बंगला आला. मिसराजी तोंड फिरवून उतरले, म्हणाले, "जाते समय बढ़िया चली। लौटते में उछल रही थी।"

मी मागचं दार उघडलं. आत कोणी नाही. वरच्या खाटेवर एक जेवणाचा डबा तेवढा होता.

झालं असं, की अधारतालला पोचता पोचता सुट्टीचा भोंगा वाजला. वानखेडेचं घर तिथंच. त्यानं आतून पत्रा ठोकला, गाडी थांबली आणि तो उतरला. त्याचं बघून बाकीचेही आपापल्या गल्लीशी पत्रा ठोकत गेले. मिसराजींना वाटलं, साहेबांनीच तसं सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी वानखेडेला धरलं. तो म्हणाला, "पाठक भाऊ, भोंगा वाजला. भोंगा वाजल्यावर मी वजन नाही, मी वानखेडे."

*

अशात कानडे साहेबांचं अपेंडिक्स दुखायला लागलं आणि ऑपरेशन झालं. बंगला तसाच. तक्ता हवेचा एक आकडा देत नाही, इथपासून इथपर्यंत असं देतो. त्यातली नेमकी कोणती, ते बसून कळत नव्हतं आणि झोपूनही कळत नव्हतं. मी चेरीतालला साहेबांच्या घरी गेलो, म्हटलं, आता बंगला बरा चालतो.

"बरा म्हणजे?"

"म्हणजे बरा."

साहेब छताकडे बघत म्हणाले, "तुमच्या पोटाला टाके नाहीत. तुम्हाला काय कळणार."

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या फाटकाशी सायकल रिक्षा थांबली. तिच्यात पोटावर हात ठेवून साहेब, आणि शेजारी कानडे काकू, रागानं लाल. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शरदचं पत्र यायचं थांबलं तेव्हापासून यांचा डोळ्याला डोळा नाही. रेडिओपाशी बसून राहतात. आता हे. टाके तुटले तर मी रडणारसुद्धा नाही, सांगून ठेवते."

साहेबांना खालच्या खाटेवर निजवलं. बाकीच्या खाटांवर आम्ही, वानखेडेसकट. काकू ओट्याशी स्टुलावर. "माझंही वजन धरा," म्हणाल्या. मदन महलचं रेल्वे फाटक आलं, चाकं रुळांवरून गेली, आणि साहेब दात आवळून म्हणाले, "लागलं."

सकाळी वानखेडेनं हवा थोडी कमी केली. पुन्हा रिक्षा, पुन्हा काकू, पुन्हा फाटक. "लागलं." त्याच्या पुढच्या दिवशी फाटकावर लागलं नाही, पण वळणावर गाडी झुलली आणि टाके ओढले गेले. पुढची थोडी वाढवली, उजवीकडची थोडी वाढवली. आणि भोंगा वाजला, की अधारतालला वानखेडे आणि बाकीचे रोज पत्रा ठोकून उतरायचेच. काकू रोज म्हणायच्या, "आज शेवटचं." मलाही आता साहेबांचा संताप यायला लागला होता. एवढं कुणी सांगितलंय? ज्यांनी पट्टी लिहिली, ते मजेत घरी झोपले असतील.

मग एके दिवशी फाटक आलं. रूळ गेले. साहेब काही बोलले नाहीत. वळण गेलं, तरी नाही. खड्ड्यांचा रस्ता लागला, बेसिनच्या नव्या नळाखाली पाणी जरा हललं, बस. मी म्हटलं, "साहेब?"

मी माझ्या खाटेवरून वाकून बघितलं.

काकू स्टुलावरून उठल्या, वाकल्या, त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. मग तशाच सरळ झाल्या आणि पदर तोंडाला लावून परत बसल्या. साहेब घोरत होते.

अधारताल आलं आणि सुट्टीचा भोंगा वाजला. रोजच्या सवयीनं मिसराजींनी वानखेडेच्या घरासमोर गाडी उभी केली. त्याची आई दारात आली, मुलगा उतरेल म्हणून बघू लागली. वानखेडेनं पडदा जरासा सरकवला, तिला हातानंच आत जा म्हणून खुणावलं आणि परत खाटेवर आडवा झाला. बाकी कुणी हललं नाही. कुणी पत्रा ठोकला नाही.

जरा वेळ वाट बघून मिसराजींनी मागे वळून केबिनच्या जाळीतून आत पाहिलं. मग गियर टाकला, तोसुद्धा हळू.