न खायच्या वस्तूंची यादी

आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वर, भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे. वहीचं फाडलेलं पान, मधोमध पट्टीने ओढलेली रेघ, डावीकडे 'खायचं', उजवीकडे 'खायचं नाही'. अक्षर माझं आहे. उजवी बाजू डावीपेक्षा पुष्कळ लांब आहे. तो कागद मी का लिहिला आणि त्याने काय झालं, ते आठवतं तसं लिहून काढते आहे. आईशी या विषयावर मला कधी नीट बोलता आलेलं नाही.

आई बागेत मजुरीला जायची. दिंडोरीकडच्या आमच्या गावात बाग म्हटलं की द्राक्षाचीच. बारा-तेरा बायकांच्या टोळीत ती कितीतरी वर्षं होती. टोळी उक्तं काम घेते. म्हणजे अख्खी बाग सगळ्यांनी मिळून संपवायची आणि मजुरी सारखी वाटून घ्यायची. त्यामुळे एकीचा हात मागे पडला की ते बाकीच्यांच्या अंगावर येतं. विरळणीच्या दिवसांत तर फारच. मणी ज्वारीपेक्षा थोडे मोठे झाले की घडात बारीक कात्री घालून नको ते मणी काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. दिवसभर हात डोक्याच्या वर, मान मागे, आणि सगळं काम अंगठ्याचं आणि दोन बोटांचं. आईचा हात टोळीत सगळ्यात साफ मानला जायचा. नवीन पोरी तिच्या ओळीत शिकायला उभ्या राहायच्या.

मागच्या पावसाळ्यात सकाळी तिची बोटं मिटेनाशी झाली. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची. तास-दीड तासाने बोटं थोडी मोकळी व्हायची, मग ती उठून कामाला लागायची. आम्हाला वाटलं, पाण्यात हात असतो म्हणून असेल. मग दोन्ही हातांचे सांधे सारखेच सुजले आणि बांगड्या चढेनात. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तीन गोष्टी सांगितल्या: नाशिकला मोठ्या दवाखान्यात दाखवा, रक्त तपासून घ्या, खाणंपिणं सांभाळा. पहिल्या दोन गोष्टींसाठी आईला खाडे करावे लागले असते, आणि छाटणीची कामं तोंडावर आली होती. आम्ही तिसरी गोष्ट धरली. ती घरच्या घरी होणारी होती. आणि ती मला करता येईल असं मला वाटलं.

घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने जाते-येते. घरात कुठलाही कागद आला, विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत, की तो माझ्या हातात दिला जातो आणि मी वाचून होईपर्यंत सगळे गप्प बसतात. त्या शांततेची मला सवय झाली होती. थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

यादी मी येता-जाता बसमध्ये तयार केली. मोबाइलवर सांधेदुखीचे व्हिडिओ शोधले. पांढरा कोट घातलेला एक माणूस फार खात्रीने बोलत होता, त्याचंच सगळं उतरवून घेतलं. तूर, हरभरा, मटकी, राजमा बंद. वांगं, टोमॅटो, पालक, फ्लॉवर, मटार बंद. चिंच, दही, शेंगदाणे बंद. अंडी, मटण तर नकोच. डाव्या बाजूला दुधी, गिलकं, दोडका, काकडी, भात, भाकरी. कॉलेज सुटल्यावर मी पंचवटीच्या बाजारात जाऊन दुधी आणि गिलकी घ्यायचे, मगच बस पकडायचे. वडील मनमाडला मालधक्क्यावर हमाली करतात, पंधरा दिवसांनी घरी येतात. त्यांनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "पोरीनं लिहिलंय म्हंजे बरोबरच आसंल."

आईला वाचता येत नाही, म्हणून मी ती यादी तिच्याकडून पाठ करून घेतली. भाजी चिरता चिरता विचारायचे.

"मटकी?"

"नाय."

"चिंच?"

"नाय."

"दुधी?"

"हाय बाई, दुधीच हाय. रोज दुधीच हाय."

ती हसायची, मीही हसायचे. ते दिवस आता आठवले की मला माझ्या हसण्याची लाज वाटते.

पुढचं मला नंतर टोळीतल्या बायकांकडून कळलं. बागेत दुपारी सगळ्या वेलींच्या मांडवाखाली गोल करून बसतात. डबे मधे ठेवतात. आपला डबा आपण खायचा, असं तिथे नसतं. हिच्या भाकरीवर तिची भाजी, तिच्या भातावर हिचं कालवण. कुणी विचारत नाही, सरळ वाढतात. ज्या बाईकडे त्या दिवशी नुसती चटणी-भाकरी असते तिचंही पोट भरतं आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. आई वीसेक वर्षं त्या गोलात बसली होती.

पहिल्या दिवशी कुणीतरी तिच्या भाकरीवर भरीत घातलं तर तिने हात आडवा धरला. म्हणाली, उपास आहे.

"उपासाला भाकरी?" एकीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ आली. आईने सांगितलं, अमक्या देवीचं धरलंय, कडधान्य नाही खायचं. तिसऱ्या दिवशी टोमॅटोची चटणी. बायका काय सोडतात होय.

"वहिनी, किती देव धरलेत गं? आमच्यासाठी एखादा ठिवा."

"आवं, जावई शोधाया लागल्यात. नवस आसंल."

"नायतर आमच्या हातचं चालंना झालं. पोरगी कालेजात गेली ना."

हे शेवटचं बोलणं आईला लागलं असणार. ते थट्टेत होतं, पण त्या गोलात दुसरीच्या हातचं नको म्हणणं ही फार मोठी गोष्ट आहे. ती पटकन म्हणाली, "तसं नाय गं बायांनो. माझ्या पोरीनं कागद केलाय. सांध्याला काय चालतं, काय नाय, सगळं मोबाइलवरनं शोधून लिवलंय तिनं. लय कष्टानं लिवलंय."

बायका म्हणाल्या, "सांध्याला? कुठल्या सांध्याला?"

तोपर्यंत तिने हात लपवले होते. थंडीचं निमित्त करून हातात जुने मोजे घालायची, कात्री अंगठा आणि तळवा यांच्यात धरायची, सकाळी कडेची ओळ घ्यायची म्हणजे पहिला तासभर कुणी शेजारी नसायचं. तीन महिने तिने ते निभावलं होतं. आणि माझं कौतुक करता करता एका वाक्यात ते उघडं पडलं. बायकांनी मोजे काढायला लावले. कुणी काही वाईट बोललं नाही. एकीने तिची बोटं आपल्या पदरात धरून दाबून दिली म्हणे.

टोळी जमवणाऱ्या काकू चार दिवसांनी घरी आल्या. मी घरीच होते. त्या चहा प्यायल्या, माझ्या परीक्षेचं विचारलं, आणि उठताना दारात म्हणाल्या, "वहिनी, उद्यापासून जरा आराम करा. बरं वाटलं की सांगा, न्यायला मीच येईन." आई म्हणाली, "बरं." काकू गेल्यावर तिने कप विसळायला घेतला आणि तो तिच्या हातातून पडला. फुटला नाही, स्टीलचा होता. बराच वेळ तो फरशीवर तसाच राहिला.

आता खाड्याची भीती उरली नव्हती, म्हणून मी तिला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या वेळी डॉक्टर बाईंनी रिपोर्ट पाहून विचारलं, "या जेवतात की नाही? अंगात रक्त किती कमी आहे." मी बॅगेतून यादीची प्रत काढून दिली. पथ्य किती नीट पाळलं आहे ते त्यांना दिसावं असं मला वाटलं होतं.

त्यांनी ती पूर्ण वाचली. "ही कुणी दिली?"

"मी केली. मोबाइलवरून."

"हे युरिक ॲसिड वाढलेल्या पेशंटचं पथ्य आहे. आणि त्यांनाही आम्ही इतकं सगळं बंद करायला सांगत नाही. तुमच्या आईंना तो आजार नाही. यांना आमवात आहे. डाळ का बंद केलीत?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सावकाश सांगितलं की हा आजार जेवणामुळे आलेला नाही आणि नुसत्या जेवणाने जाणारही नाही. डाळ, उसळ, अंडं, पालेभाजी, शेंगदाणे, सगळं द्या, अंगात ताकद असेल तर औषध सोसेल. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ती रोज घ्यायची नाही, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी विचारलं, वाकलेली बोटं सरळ होतील का? त्या म्हणाल्या, "राहिलेली वाकू नयेत म्हणून गोळी आहे. आधी आला असतात तर..." आणि पुढचा पेशंट आत आला.

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली. तिने आतलं सगळं ऐकलं होतं, पण तिला ते माझ्याकडून ऐकायचं होतं.

"म्हंजे वांगं चाललं आसतं?"

"हो."

"मटकी?"

"हो आई."

"चिंच?"

मी मान डोलावली. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. उतरायच्या आधी म्हणाली, "जाऊ दे. तू काय मुद्दाम केलंस का." घरी आल्यावर मी कागद फाडायला गेले तर तिने अडवलं. "ऱ्हाऊ दे. अक्षर चांगलं हाय."

त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेले. आता विचार करते तर कळत नाही की मी काय मनात धरून गेले होते. मी त्यांना सांगितलं, "काकू, यादी चुकली होती. तिला सगळं चालतं. ती तुमच्यात बसून सगळं खाऊ शकते." काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला खाली बसवलं.

"पोरी, खाण्याचं काय नाय गं. बोटांचं हाय. बागवाला घड बघतो."

"गोळ्या चालू केल्यात."

"चांगलं झालं. करा." मग मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "एक जागा कमी पडतीय. तू येतीस का?"

मी गेले. शनिवार-रविवार, आणि प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी. कॉलेजात हजेरी कमी भरते आहे, सरांनी एकदा बोलावून विचारलं, मी तब्येतीचं कारण दिलं. विरळणी मला अजून नीट जमत नाही. बायका माझ्या घडांवरून दुसऱ्यांदा कात्री फिरवतात आणि काही बोलत नाहीत. आईच्या बाबतीत त्यांनी असं का केलं नाही, हे माझ्या मनात येतं. मग वाटतं, माझा हात पुढे सुधारणार आहे, म्हणून असेल.

घरी स्वयंपाक मीच करते. तुरीचं वरण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कधी अंडं, बाजरीची भाकरी. जे तिने खायला हवं ते सगळं आता तिच्या ताटात असतं, पण ते रांधायला हात लागतात आणि तिचे हात ते करू शकत नाहीत. माझ्या भाकरीच्या कडा चिरतात. आईला ती एका हाताने मोडता येत नाही, म्हणून मी वरणात कुस्करून देते. ती कधी नावं ठेवत नाही. पूर्वी ठेवायची. सुजेत थोडा फरक आहे असं डॉक्टर म्हणतात. सकाळी कप अजून तळव्यांतच असतो.

दुपारी मांडवाखाली मला आईच्याच जागेवर बसवतात, काकूंच्या डाव्या हाताला. पहिल्या दिवशी एकीने न विचारता माझ्या भाकरीवर भरीत घातलं. मी खाल्लं. चांगलं होतं.

संध्याकाळी घरी गेले की आई एकच विचारते, आज कुणी काय आणलं होतं. मी सांगते. हिने मेथी, तिने हुलग्याचं पिठलं, काकूंनी भरली वांगी. ती प्रत्येकीचं नाव घेते, तिखट होतं का विचारते, अमकी मीठ जास्तच टाकते म्हणते. तेवढा वेळ ती बरी असते.

काल माझी परीक्षा होती, मी बागेत गेले नव्हते. दप्तर ठेवलं तेव्हा तिने नेहमीसारखं विचारलं, "आज काय काय होतं गं डब्यात?"

मी म्हटलं, "आई, मी आज कॉलेजला गेले होते."

"हां," ती म्हणाली. "खरंच की."

मग तिने हात मांडीवर उलटे ठेवले आणि म्हणाली, "आता त्यांच्या डब्यात वांग्याचे दिस संपत आले आसतील."