घासलेला राजा
आमच्या नवरोबांना रोमन राजे फार प्रिय. इथे आखातात, खैतानच्या दोन खोल्यांत माझे डबे ठेवायला जागा नाही, पण त्याच्या जुन्या चांदीच्या नाण्यांना मखमलीचा ट्रे! मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीची ड्युटी करून आला, की चहाआधी भिंग. पुढे पानांचा मुकुट घातलेलं राजाचं थोबाड, मागे फळांनी भरलेलं शिंग घेतलेली देवी. भरभराट देवीने करायची आणि मिरवायचं या राजांनी! मला त्या थोबाडाचा मनापासून राग यायचा.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो म्हणाला, "चांदीचं सगळं घासून ठेव." ठेवलं. निरांजन, करंडा, आणि त्याचं सगळ्यात लाडकं काळंकुट्ट नाणंही. देवी होती ना त्यावर! टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने असं लखलखीत केलं, की मुकुटाचं पानन् पान दिसायला लागलं.

पूजेला बसला आणि किंचाळलाच. तो काळा थर शेकडो वर्षांचा होता म्हणे, तीच नाण्याची शान. चूक माझीच होती. कबूल केली, रडलेसुद्धा. तर हा लेकीसमोर म्हणतो, "अडाणी ती अडाणीच!"

तेवढंही गिळलं असतं. पण अकरा वर्षं घरात काढल्यावर मला अर्दियातल्या एका बालवाडीत नोकरी मिळाली होती. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या नावावर. तो बालवाडीच्या नावावर करायला नवऱ्याची सही हवी होती आणि कागद रविवारी द्यायचे होते. त्याने कागद बाजूला सारला. "नाणं पुन्हा काळं होऊ दे, मग करतो सही."

"किती दिवस लागतील?"

"तुझ्या जन्मात नाही होणार," म्हणाला आणि हसला मेला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण लेक लहान असताना उकडलेल्या अंड्याने तिचा चांदीचा चमचा काळा पडायचा, हे याला कुठलं ठाऊक? भरवायचे मी. शुक्रवारी दुपारी हा जेवून घोरत पडल्यावर चार अंडी उकडून कुस्करली, मधे नाणं ठेवलं आणि डबा घट्ट लावला. शनिवारी संध्याकाळी राजा कोळशासारखा काळा!

नाणं त्याच्यापुढे आपटलं. शेजारी कागद, पेन.

त्याने भिंग लावलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "हे खोटं काळं आहे."

"काळं आहे ना? कर सही."

"यू प्रॉमिस्ड, बाबा," लेक म्हणाली.

त्याने सही केली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. मला सकाळी साडेसहाला निघायचं असतं.