दोनशे एक्क्याण्णव नंबर

गिदोन भिंगारदिवे मिशनच्या दवाखान्यात कागद सांभाळायचा. मी तिथेच कंपाउंडर. डॉक्टर रोगाचं नाव लिहीत, गिदोन जाड इंग्रजी पुस्तकात त्याचा नंबर शोधून कागदाच्या कोपऱ्यात टाकी. वर्षाअखेरी ते आकडे सरकारात जात. दारूच्या व्यसनाला तीनशे तीन. रोजची दारू एकाएकी तुटली की माणूस थरथरतो, नसलेलं बघतो, त्याला दोनशे एक्क्याण्णव. नंबर सगळे तोंडपाठ. बाकी उचलली जीभ लावली टाळ्याला. दवाखान्यासमोरून कुणी झुलत निघाला की हा खिडकीतून म्हणे, "चालले तीनशे तीन." आम्ही हसायचो. चर्चचा पंच, दारू न पिण्याची शपथ घेतलेलं घराणं. त्याला हसायचा हक्कच आहे, असं आम्हालाही वाटायचं.

बहात्तर साली त्याचा थोरला भाऊ जॉर्ज मिरजगावजवळ सायकलवरून पडला. शाळामास्तर, सरळ माणूस. मांडीचं हाड मोडलेलं. भरती करताना डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, दारू घेता का? जॉर्जने भावाकडे पाहिलं. तेवढ्यात गिदोनच बोलला, "आमच्या घरात कुणी शिवत नाही, डॉक्टर." पंचाचा शब्द. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जॉर्जचे हात थरथरू लागले. दुपारी तो चादरीवरच्या मुंग्या झटकू लागला. चादरीवर मुंगी नव्हती. वजन बांधलेला पाय ओढून काढायला निघाला तेव्हा आम्हा तिघांना तो आवरेना. हाडात पू झालाय की डोक्याला मार लागलाय, डॉक्टर तेच शोधत होते. गिदोन खाटेच्या पायथ्याशी उभा होता आणि त्याला सगळं कळलं होतं. हा नंबर त्याने किती कागदांवर टाकला होता. थरथर, घाम, मुंग्या, सगळं त्यात लिहिलेलं असे. काही कागदांच्या शेवटी 'मयत' असंही असे. तरी त्याची जीभ हलेना. उद्या लोक आपल्या भावाला तीनशे तीन म्हणणार, एवढंच त्याच्या डोक्यात. लाज माणसाला किती हलकट करते, ते मी त्या दुपारी त्याच्या तोंडावर पाहिलं. त्याच्या विनोदांना हसलेला मी. मला माझीही लाज वाटली.

शेवटी जॉर्जची बायको रेबेका डॉक्टरांपुढे गेली. "रोज पितात, साहेब. लई वरसं झाली. भाऊजींची मान खाली जाईल म्हनून बोलले न्हाई." डॉक्टर गिदोनकडे बघायलाही थांबले नाहीत. त्यांनी मला इंजेक्शनासाठी पिटाळलं.

जॉर्ज वाचला. त्याच्या कागदावर गिदोनने दोनशे एक्क्याण्णव स्वतःच्या हाताने टाकला आणि मग त्याच्या उशाशी येऊन बसला. मी शेजारच्या खाटेवर गोळ्या देत होतो. गिदोनचा चेहरा पार उतरलेला. पण बोलणं मात्र माफ करायला आलेल्या माणसाचं. दादा, निदान मला तरी आधी सांगायचंस, आपल्या भावापासून काय लपवायचं, असं तो म्हणत राहिला.

जॉर्ज हळू म्हणाला, "डॉक्टरांनी मलाच इचारलं हुतं, गिदोन. मी व्हय म्हननार हुतो."