गोंदलेलं टक्कल

रंगाच्या बाबतीत आमच्या साडूंना फसवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि जन्मला तर साडू आधी त्याचाच रंग तपासतील. चाकणच्या एका मोटारींच्या कंपनीत, रंगाच्या खात्यात त्यांचा जन्म गेला. ट्यूबलाइटच्या बोगद्यातून नवीकोरी गाडी पुढे सरकते आणि हे तिच्या अंगावरून नजर फिरवत खोट काढतात. इथे धुळीचा कण, तिथे ओघळ, पलीकडे फुगवटा. घराणं रहाटणीतलं जुनं, शेतकऱ्याचं. जिथे ऊस उभा असायचा तिथे आता इमारती उभ्या आहेत आणि भाड्याच्या खोल्यांत निम्मा मराठवाडा नांदतो आहे. नोकरी नाही केली तरी चुलीला काही कमी पडणार नाही. पण सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून, परक्याच्या गाडीला नावं ठेवून आल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

ही नजर ते कंपनीच्या गेटवर जमा करून येत नाहीत, ही आम्हा नातेवाइकांची अडचण. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी स्टेजच्या खांबाला नख लावून बघणार. पंगतीत बासुंदीकडे पाहून "शेड जरा पिवळी मारती" म्हणणार. मी मोठ्या हौसेनं एक वापरलेली गाडी घेतली, 'डॉक्टरांची आहे, कुठे साधं खरचटलेलंही नाही' असं चारचौघांत सांगितलं, पेढे वाटले. साडूंनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि पेढा तोंडात टाकत म्हणाले, "डावं मागचं दार पुन्हा मारलंय राव. डॉक्टर त्या अंगानं कुनाला तरी भेटल्यात." तेव्हापासून मला त्या गाडीत त्या दाराखेरीज दुसरं काही दिसत नाही. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी आयुष्यात पहिल्यांदा केसांना कलप लावला. बायकोनं पानं वाढली, मुलं बिचारी ताटात बघत जेवली. साडूंनी उंबऱ्यातूनच आवाज दिला, "साडूभाऊ, प्रायमर न मारता एकदम टॉपकोट?"

अशा माणसाचं स्वतःचं डोकं मात्र तिशीतच मोकळं झालेलं. दोन्ही कानांवर आणि मानेवर एक झालर, बाकी सगळं लख्ख. हे त्यांना वडिलांकडून आलं होतं. वडील म्हणजे तात्या, जुने पैलवान. त्यांनी जन्मभर टोपी उतरवली नाही, त्यामुळे त्यांचं टक्कल फक्त घरच्यांना आणि न्हाव्याला ठाऊक. साडूंनाही ते टक्कल पुष्कळ वर्षं सललं नव्हतं. सलायला लागलं ते एका काळ्या गाडीपायी. त्या दिवशी बोगद्यात उकडत होतं. साडूंनी डोक्यावरची कंपनीची टोपी काढून घाम पुसला, तसेच वाकून बॉनेट पाहिलं, तर मधोमध एक गोल, पांढरट, चकचकीत डाग. असा दोष त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. खडूनं खूण केली, लाइन थांबवली, दोन इंजिनियर बोलावले. इंजिनियर आले, साडू बाजूला झाले आणि डागही त्यांच्याबरोबर बाजूला झाला. "साहेब," जोडीचा तपासनीस शांतपणे म्हणाला, "हा डाग तुमच्यासोबत ड्यूटी करतोय." अख्खी शिफ्ट हसली. घरी आल्यावर साडूंनी चहा न घेताच जाहीर केलं, "आता डोक्याला मॅट फिनिश मारायचं."

पिंपळे सौदागरला तेव्हा नव्या तऱ्हेचं एक सेंटर निघालं होतं. तिथे केस लावत नसत, उगवीतही नसत. सुईनं टाळूवर बारीक बारीक ठिपके गोंदत. चार हातांवरून पाहिलं की दाट केसांच्या माणसानं कालच मशीन फिरवलंय, असा भास व्हावा. मला सोबत नेलं, कारण माझंही कपाळ अलीकडे मागे मागे वस्तीला चाललंय, आणि "दोघांचं मिळून काही कमी करतील" असा साडूंचा हिशेब होता. समोर बसलेल्या मुलीनं हसतमुखानं माहिती सुरू केली. पाच मिनिटांत तिचं हसू गेलं, मुख राहिलं. सुईचं पाकीट माझ्यापुढं फोडणार का? आधी कानामागं एक ठिपका मारून थांबायचं का, अंगावर पुरळ उठतंय का बघायला? साध्या गोंदणाची शाई वापरत असाल तर ती पुढं निळी पडती, तुमची कंची? सुई खोल गेली तर ठिपका पसरतो, खोली कोण धरतं, मशीन का तुमी? मुलीनं एकेकाला नीट उत्तर दिलं. शाई टाळूसाठीची वेगळी आहे, सुई दर वेळी नवी, कानामागे आधी चाचणी करू, काही दिवस घाम आणि ऊन टाळायचं, काही वर्षांनी फिकट होतं, मग पुन्हा हात मारायचा. साडू प्रसन्न झाले आणि त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला.

"आनी वीस वर्सांनी कसं दिसंल?"

मुलगी म्हणाली, "सर, आमचं सेंटरच तीन वर्षांचं आहे."

तरीही साडू बसले. दोन-तीन बैठकांत काम झालं आणि खरं सांगतो, झकास झालं. केसांची रेघ त्यांनी स्वतः आरशात बघून खडूनं आखून दिली होती. गंमत पुढेच होती. वरचे ठिपके म्हणजे बारीक कापलेले केस. तेव्हा कानांवरची खरी झालर वाढली की बिंग फुटणार. म्हणून जे थोडे केस देवानं ठेवले होते ते साडू रोज सकाळी खरडून काढायला लागले. ज्यांना केस नसताना महिन्यातून एकदाच न्हाव्याकडे जावं लागे, त्यांना केस 'आल्यावर' रोज हजामत. त्यात रंग उन्हानं उडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? बंपरचे, दारांचे रंग उन्हात कसे मरतात हे त्यांनी पाहिलेलं. म्हणून ते बाहेर पडताना टोपी घालू लागले. म्हणजे इतकं करून घेतलेलं डोकं बघायला मिळे ते फक्त आमच्या ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला. तिनं एकदाच मत दिलं. "आधी बरं होतं. आरसा शोधावा लागत नव्हता."

पण गावात टोपी कधीतरी निघतेच. देवळात निघाली आणि चुलतभाऊ दत्तू ओरडला, "आयला, दादा! केस कुठनं आलं?" साडूंना 'गोंदलंय' म्हणवेना. भावकीत असलं काही एकदा कळलं की ते नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतं. तोंडातून निघून गेलं, "तेल लावतोय. एका म्हाताऱ्या वैद्याचं." झालं, दत्तू तेलासाठी मागेच लागला. साडूंनी घाण्यावरचं तिळाचं तेल आणलं, त्यात कापराची वडी टाकली आणि बाटली दिली. दत्तूनं ते इतक्या भक्तीनं चोळलं की त्याच्या बायकोनं घरातल्या सगळ्या उश्यांना प्लॅस्टिक चढवलं.

खरी गोष्ट आम्हा दोन्ही जोडप्यांशिवाय फक्त तात्यांना कळली. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून त्यांनी मुलाला जवळ बसवून टाळूवरून पंजा फिरवला. "दिसतंय खरं," ते म्हणाले, "पन हाताला लागत न्हाई." साडूंनी सगळं सांगितलं. म्हातारा पोट धरधरून हसला आणि मग म्हणाला, "भिऊ नगंस. कुनी इचारलं तर तेलच हाय म्हनून मीबी सांगंन. म्हाताऱ्याला कोन खोटं म्हनतंय?" आणि खरंच, ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला गंभीर चेहऱ्यानं तेलाचा गुण सांगत राहिले. दोघा बापलेकांचं त्या एका थापेपायी जेवढं गूळपीठ जमलं, तेवढं आधी कधी जमलं नव्हतं.

मग तात्या गेले. वय झालं होतं, थोडक्यात गेले. दहाव्याला पवनेच्या घाटावर सगळं गाव लोटलं. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे मांडव, माइक, प्रवचन आणि त्यानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजली. एक माजी नगरसेवक तात्यांच्या कुस्त्या सांगत होते. खाली पायऱ्यांवर तात्यांची दोन्ही मुलं डोई करायला बसली. धाकट्याच्या डोक्यावर चांगलं जंगल होतं, ते बघता बघता उतरलं. न्हावी साडूंकडे वळला. पाणी लावलं, वस्तरा फिरवला, पुसलं. सुतकात वाढलेली झालरीची खुंटं निघाली, वरचं डोकं जसंच्या तसं काळं.

न्हावी कुठून तरी नवाच आलेला. त्यानं पुन्हा पाणी लावलं. पुन्हा फिरवला. ब्लेड बदललं. "दादा," तो कुजबुजला, "निघंना ओ."

"तेलाचा गुन हाय त्यो!" दत्तू मागून अभिमानानं म्हणाला. "मुळं घट्ट केलीत!"

भावकीतले सर्वांत वडीलधारे आबा काठी टेकत दोन पायऱ्या खाली आले. त्यांनी धाकट्याचं तुळतुळीत डोकं पाहिलं, मग थोरल्याचं. "मुळं घट्ट असू द्या न्हाई तर सैल. ह्यो बापाची डोई करायला आलाय का नुसती दाढी करायला?"

माइकवर नगरसेवक बोलायचे थांबले. बायकांच्या घोळक्यातून स्पष्ट ऐकू आलं, "बापापरीस केस मोठं झालं व्हय?" न्हाव्यानं चौथ्यांदा वस्तरा टेकवला. टाळू लाल झाली होती, एका जागी रक्ताचा थेंब आला. मी टॉवेल घेऊन शेजारी उभा होतो आणि, एरवी चार माणसांत माझं तोंड मिटत नाही, पण त्या वेळी मला नदीतली जलपर्णी फारच बघण्यासारखी वाटू लागली. साडूंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गप्प राहिले तर बापासाठी केस न दिलेला मुलगा, आणि बोलले तर जन्माची चेष्टा. शिवाय खोट्यात तात्याही होते. ज्यांचं पिंडदान चाललंय त्यांनाच भर घाटावर लबाड ठरवायचं कसं?

साडूंनी न्हाव्याचा हात बाजूला केला, आबांचा पंजा धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"हात फिरवून बघा, आबा. केस न्हाईत. तात्यांवानीच टक्कल हाय. वर गोंदून घेतलंय."

आबांनी हात फिरवला. पुन्हा फिरवला. घाटावर नदीचासुद्धा आवाज येत नव्हता. तसा तिला तो राहिलेलाही नाही.

"आनी त्ये तेल?" दत्तूचा आवाज आला.

"तिळाचं."

"दोन वर्सं चोळतोय मी!"

"मग, डोकं थंड ऱ्हायलं का न्हाई?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि पदर तोंडाशी नेला. आबांना हसावं की रागवावं कळेना, त्यांचा हात डोक्यावरच राहिला. तेवढ्यात तात्यांची थोरली बहीण, चाकणकडे दिलेली आत्या, बायकांतून वाट काढत खाली आली. नव्वदीला टेकलेली, कमरेत वाकलेली. तिनं आपली बाही सरकवून सुरकुतलेला हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट-निळं गोंदण. "गोंदलंय ना? मग वस्तऱ्यानं कशाला निघंल, शान्यांनो? माझं निघालं का? सोनंनाणं हितंच ऱ्हातं. गोंदलेलं तेवढं मानसासंगं वर जातं."

आणि साडूंनी काय करावं? डोक्यावरून पाणी ओघळत असताना त्यांनी आत्याचा हात धरून उजेडाकडे वळवला आणि बोगद्यातल्या गाडीसारखा तपासला. "कदी गोंदलं व्हतं, आत्या?" "लगीन व्हायच्या आदी." "तुळस व्हती का ही?" "व्हय. आता पान्याची टाकी दिसती." साडू स्वतःशीच पुटपुटले, "रंग फिरलाय. कडा पसरल्यात. पन धरून ठिवलंय." मग एकाएकी त्यांचा तोल गेला. आत्याचा तो हात डोळ्यांना लावून हा पन्नाशीचा माणूस हुंदके द्यायला लागला. तात्या गेल्यापासून तो रडला नव्हता. आबांनी न्हाव्याला खूण केली, "झालं रं त्याचं. पुढचं घ्या."

घाटाच्या पायऱ्या चढताना मी त्यांच्या डोक्यावर टॉवेल धरला. आग होत असावी. मला म्हणाले, "साडूभाऊ, बापाला द्यायला चार केस तरी खरं पायजे व्हतं."

याला आता काही वर्षं झाली. दत्तू तेच तेल अजून लावतो, झोप चांगली लागते म्हणतो. पिंपळे सौदागरचं ते सेंटर बंद पडून तिथे मोमोचं दुकान आलं. साडूंच्या डोक्यावरचे ठिपके विटले, कपाळाकडे जरा निळसर झाक आली आहे, आणि सकाळी हजामत चुकली की बाजूनं पांढरी झालर डोकावते. गेल्या महिन्यात आम्ही दोघं कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं. त्रास काही नाही म्हणाले, फक्त या ठिपक्यांत नवा तीळ उठला तर लवकर दिसायचा नाही, म्हणून अधूनमधून दाखवत जा. नको असेल तर लेझरनं काढता येईल, हवं असेल तर कुठे चांगल्या ठिकाणी पुन्हा गडद करून घ्या.

बाहेर रसवंतीवर बसलो. साडू बराच वेळ ग्लासातल्या उसाच्या रसाची शेड बघत होते.

"काढायचं तर न्हाईच," ते म्हणाले. "तात्यांनी शेवटी बघितलं ते ह्याच डोक्याला. वर गेल्यावर वळखायला काय तरी खून पायजे." मग टोपी काढून त्यांनी डोकं माझ्यापुढे वाकवलं. "पन तात्यांची नजर अधू. एवढ्या फिकटावर त्यांना दिसंल का ओ?"

मी नीट पाहिलं. उन्हात ते डोकं आता बरंचसं लख्ख झालं होतं, टोपीखालचं तात्यांचं असेल तसं.

"दिसेल," मी म्हटलं. "तरी पण एक हात मारून घ्या."