राक्षसाची धून

घाटकोपरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये नवऱ्याचा तो गेम मी कधी नीट पाहिला नाही, फक्त ऐकला. तलवार घेऊन गावोगाव फिरायचं आणि राक्षस मारायचे, अशी त्याची लांबलचक मालिका. मी ओट्यापाशी, टीव्हीकडे पाठ करून. गावातली संथ धून लागली की हाक मारली तर हा उठायचा. राक्षसाची धून लागली की मी तव्याखालचा गॅस बंद करायचे. राक्षस मरेपर्यंत हा जेवायला यायचा नाही, आणि गार चपाती याच्या घशाखाली उतरत नाही.

मग त्याच मालिकेच्या संगीतावर वेगळा गेम आला. जुन्या धुना वाजतात, तालावर बटणं दाबायची, बस. पहिला भाग हा एकटाच खेळला. दुसऱ्या भागात दोघांना खेळता येतं, म्हणून एका रविवारी जेवणं झाल्यावर मला शेजारी बसवलं.

"हळूहळू जमेल गं," म्हणाला.

मला लगेच जमलं. कुठली धून कुठे वळते, कुठे थांबते, सगळं पाठ होतं. हा हरला, पुन्हा हरला.

मग राक्षसाची धून लागली. ती अर्ध्यावर आली तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला, उठले आणि ओट्यापाशी जाऊन गॅसच्या बटणाला हात लावला. ते बंदच होतं.

मागून हा म्हणाला, "अगं, उठलीस कशाला? जिंकत होतीस ना."